लायपोसक्शन: छिद्र लहान, जखम मोठी

लायपोसक्शन करून आलेल्या माणसाच्या अंगावर टाके शोधावे लागतात. बेंबीच्या आत एक, जांघेच्या वळीत दोन, कमरेवर मागच्या बाजूला दोन. प्रत्येक छेद तीन-चार मिलिमीटरचा, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. कित्येकदा टाका घालतच नाहीत, आतलं पाणी झिरपून जावं म्हणून छिद्र उघडंच ठेवतात. ते पाहून कुणालाही वाटेल, यात भ्यायचं काय? माझ्या भाचीलाही तसंच वाटलं होतं. तिने मला व्हॉट्सॲपवर एका क्लिनिकचं कोटेशन पाठवलं: पोट, दोन्ही कुशी, मांड्या आणि दंड, सगळं एकाच बैठकीत, सकाळी या, संध्याकाळी घरी जा, आठवड्याच्या आत ॲडव्हान्स भरलात तर सवलत. खाली तिचा मेसेज होता, "मावशी, शुक्रवारी करून सोमवारी ऑफिसला जाणार."

त्या छिद्रांतून आत काय होतं, ते आधी समजून घ्या. कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची पोकळ नळी कातडीखालच्या चरबीत शिरते आणि शेकडो वेळा पुढे-मागे फिरते. सुटलेली चरबी पंपाने ओढून बाहेरच्या बरणीत जमा होते. वरची कातडी शाबूत राहते, पण तिच्याखाली उशीच्या अभ्र्याएवढा भाग सोलवटून निघालेला असतो. या जखमेची तुलना भाजलेल्या जखमेशी केली जाते, आणि ती योग्य आहे. भाजल्यावर जसं होतं तसंच इथेही पाणी झिरपतं, सूज चढते, अंगातल्या पाण्याचं आणि क्षारांचं गणित बदलतं. भाजलेलं दिसतं, म्हणून घरातले सगळे त्या माणसाला जपतात. हे दिसत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी त्याला रिक्षात बसवून घरी नेलं जातं.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. पुरुषांच्या छातीची अवघडून टाकणारी वाढ, पायांत दुखरी चरबी साठवणारा लिपोडिमासारखा आजार, व्यायाम आणि आहार सांभाळूनही न हटणारी एखाद्या जागची चरबी, या सगळ्यांवर तिचा उपयोग होतो. आपल्या शरीराचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा आग्रह एवढाच की ठरवताना ती न दिसणारी जखम डोळ्यांसमोर असू द्या.

वजन कमी होईल का?

होणार नाही. हा गैरसमज आधी दूर करते, कारण सगळ्यात धोकादायक मागण्या त्यातूनच येतात. एक लिटर निव्वळ चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅम भरतं, आणि बरणीत जे जमतं ते सगळं चरबी नसतं, त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी आत सोडलेलं पाणीही असतं. तीन-चार लिटर काढल्यानंतर काट्यावर जो फरक दिसतो, तो पहिल्या आठवड्यात सुजेमुळे उलट्या दिशेनेही जाऊ शकतो.

मधुमेह किंवा रक्तदाब सुधारेल या आशेने कुणी जात असेल, तर त्याने २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास लक्षात घ्यावा. सेंट लुइसमधल्या संशोधकांनी १५ स्थूल स्त्रियांच्या अंगातून सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढली आणि १० ते १२ आठवड्यांनी तपासण्या केल्या. रक्तातली साखर, इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नव्हती. कारण सरळ आहे. कॅन्युला पोहोचते ती कातडीखालच्या चरबीपर्यंत. आतड्यांभोवती आणि यकृताजवळ बसलेल्या चरबीला ती हात लावू शकत नाही, आणि लावूही नये. मधुमेहाशी जास्त संबंध या आतल्या चरबीचा.

आपल्याकडे हे अधिकच लागू पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबीयुक्त असणाऱ्या भारतीय शरीरावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ मध्येच लॅन्सेटमध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर ती चरबी कुठली आहे हे आधी फिजिशियनकडून समजून घ्या. पोट पुढे आलेलं, पण चिमटीत धरायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही, असं असेल तर लायपोसक्शनने ते पोट जाणार नाही.

धोका नेमका कुठे?

१९२० च्या दशकात दुजारिये या फ्रेंच शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायातली चरबी खरवडून काढली. पाय सडला आणि अखेर कापावा लागला. त्यानंतर पन्नासएक वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममधल्या फिशर पिता-पुत्रांनी नळीने चरबी ओढण्याचं तंत्र काढलं. पॅरिसच्या इलूझ यांनी बोथट नळी वापरली, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा कमी तुटतात. पण रक्त फार जात असे. आत पाणी न सोडता केलेल्या या कोरड्या पद्धतीत ओढून काढलेल्या मालात २० ते ४५ टक्के रक्तच असायचं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत आणली. सलाईनमध्ये भूल देणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनॅलिन मिसळायचं आणि चरबीचा थर त्याने टम्म फुगवायचा. बाहेर येणाऱ्या रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. आज ही शस्त्रक्रिया जगभर होते ती या पाण्याच्या जोरावर.

पण या सोयीमुळेच ती रुग्णालयातून छोट्या क्लिनिकमध्ये आली आणि मोठमोठे आकडे काढण्याचा मोह सुरू झाला. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातल्या सुमारे ४ लाख ९६ हजार शस्त्रक्रियांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात ९५ मृत्यू होते, म्हणजे सुमारे ५,००० मागे एक. ही शस्त्रक्रिया मनाने निवडलेली, धडधाकट माणसावर केलेली; तिथे हा आकडा लहान म्हणता येत नाही. सर्वाधिक मृत्यू, सुमारे २३ टक्के, पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन झाले होते. त्याखालोखाल, जवळपास १५ टक्के, नळी पोटाच्या भिंतीतून आरपार जाऊन आतड्याला किंवा दुसऱ्या अवयवाला भोक पडल्याने. मग भूल आणि औषधं, मग रक्तात शिरलेली चरबी.

पुढच्याच वर्षी तिथल्या सौंदर्य-शल्यविशारदांच्या संघटनेने केलेली दुसरी पाहणी मला त्याहून उपयोगी वाटते. नुसतं लायपोसक्शन केलं तेव्हा मृत्यूचं प्रमाण ४७,४१५ मागे एक. सोबत दुसरी एखादी शस्त्रक्रिया केली तेव्हा ७,३१४ मागे एक. आणि सोबत पोटाची कातडी कापून शिवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टमी टक केली, तेव्हा ३,२८१ मागे एक. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. "एकाच भुलेत सगळं उरकून टाकू, पैसेही वाचतील" असं कुणी म्हणालं, की ते काढून पाहा. पॅकेजमध्ये जितके भाग वाढतात तितका टेबलावरचा वेळ वाढतो, माणूस तितका वेळ निश्चल पडून राहतो, अंग थंड पडतं, पायातलं रक्त साकळतं.

दुसऱ्या भागातली चरबी काढून नितंबांत भरण्याचा प्रकारही हल्ली विचारला जातो. भरलेली चरबी स्नायूतल्या मोठ्या शिरेत शिरून थेट हृदय-फुप्फुसाकडे गेल्याने त्यात मृत्यू झाले आहेत. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सुमारे ३,००० मागे एक निघालं आणि चरबी स्नायूत कधीही न भरण्याचा इशारा शल्यविशारदांच्या संघटनांनी दिला. माझं मत विचाराल तर, करू नका.

पाच लिटर, पस्तीस मिलिग्रॅम

दोन आकडे प्रत्येक रुग्णाला माहीत हवेत.

पहिला ५ लिटर. चरबी आणि पाणी मिळून एका वेळी पाच लिटरहून जास्त काढलं तर त्याला मोठं लायपोसक्शन समजतात. ते अशाच ठिकाणी व्हावं जिथे रात्रभर लघवीचं प्रमाण, नाडी, रक्तदाब मोजत राहणारी माणसं आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने क्लिनिकमध्ये होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी ४ लिटर चरबीची मर्यादा घातली आहे, आणि सोबत दुसरी शस्त्रक्रिया असेल तर फक्त १ लिटरची. "आम्ही दहा लिटर काढतो" ही जाहिरात कौशल्याची खूण समजू नका. पाणी कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त झालं तर ते फुप्फुसात भरतं.

दुसरा आकडा लिग्नोकेनचा. ट्युमेसंट पद्धतीत त्याची सर्वसाधारण मानली जाणारी मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३५ मिलिग्रॅम. (त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५५ पर्यंत मुभा दिली आहे, मी सावध आकडा धरते.) ६० किलोच्या बाईला म्हणजे २,१०० मिलिग्रॅम. लिटरभर सलाईनमध्ये ५०० मिलिग्रॅम मिसळलं तर चार लिटर पाण्यात ही मर्यादा गाठली जाते. १,००० मिसळलं तर दोनच लिटरमध्ये. आता माझ्या भाचीच्या कोटेशनमधले पोट, कुशी, मांड्या आणि दंड मोजा आणि एवढे सगळे भाग फुगवायला किती पाणी लागेल याचा अंदाज करा. "माझ्या वजनाला किती लिग्नोकेन चालेल आणि तुम्ही किती देणार?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगला शल्यविशारद किंवा भूलतज्ज्ञ कागद ओढून तिथल्या तिथे हिशेब करून दाखवेल.

या औषधाची खरी खोच वेळेत आहे. चरबीतून ते रक्तात हळूहळू उतरतं आणि त्याची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण ८ ते १८ तासांनी. म्हणजे सकाळी दहाला शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी सहाला घरी पाठवलं, की खरा धोका रात्री घरी. ओठांभोवती बधिरपणा, तोंडाला धातूसारखी चव, कानात घूं आवाज, जीभ जड होणं, पेंग, मग हातापायांना झटके. काही बुरशीनाशक गोळ्या, एरिथ्रोमायसिन-क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर ही पातळी आणखी चढते. या विषबाधेवर उतारा आहे, शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, २० टक्के लिपिड इमल्शन. ते ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवलेलं आहे का, हेही विचारा.

कोण करणार, कुठे करणार

एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षं एमसीएच किंवा त्या तोडीची नॅशनल बोर्डाची पदवी, असा प्लास्टिक सर्जनचा रीतसर मार्ग आहे. "कॉस्मेटिक सर्जन", "एस्थेटिक एक्स्पर्ट", "फेलो" हे शब्द पाटीवर कुणीही लावू शकतो. त्यांच्यामागची पदवी पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. हनुवटीखाली किंवा दंडावर, फक्त स्थानिक भूल देऊन थोडी चरबी काढायची असेल तर प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञही ते करतात. हे तंत्र त्यांच्यातल्याच एकाने शोधलेलं आहे. पण एकाहून जास्त भाग, गुंगी किंवा पूर्ण भूल, असं असेल तर प्लास्टिक सर्जन आणि स्वतंत्र भूलतज्ज्ञ, दोघंही हवेत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच गुंगीचं इंजेक्शनही देणार असतील तर उठून या. दोन्ही हात चरबीत गुंतलेला माणूस तुमच्या श्वासाकडे पाहू शकत नाही.

जागेबद्दल. शुश्रूषागृहाची नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते वाचा. प्राणवायू, मॉनिटर, डिफिब्रिलेटर आहे का? रात्री डॉक्टर थांबतात का? आयसीयू त्याच इमारतीत नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी लेखी ठरलेलं आहे आणि तिथे पोहोचायला संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो? ठाणे-मुंबई किंवा हिंजवडी-पुणे रस्त्यावर संध्याकाळी सातला ॲम्ब्युलन्सचं काय होतं हे आपण सगळे जाणतो.

मे २०२२ मध्ये बंगळुरूत २१ वर्षांच्या एका कन्नड मालिका-अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. फुप्फुसात पाणी भरल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं, आणि मुलीने आपल्याला काही सांगितलं नव्हतं, असं तिच्या आईवडिलांनी म्हटलं होतं. ही बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक तरुण मुलामुलीला सांगते: घरचे रागावतील, नाही म्हणतील, तरी एका मोठ्या माणसाला सांगून जा. त्या रात्री तुमच्या उशाशी कुणीतरी जागं असलं पाहिजे.

तपासण्या टाळू देऊ नका. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याची तपासणी, साखर, थायरॉइड, ईसीजी, बायकांच्या बाबतीत गरोदरपणाची चाचणी. पोटाचं लायपोसक्शन असेल तर हर्निया नाही ना, हे हाताने आणि गरज पडल्यास सोनोग्राफीने पाहायलाच हवं. सिझेरियनच्या किंवा जुन्या ऑपरेशनच्या व्रणापाशी पोटाची भिंत विरलेली असते, आणि नळी आतड्यात जाते ती अशाच जागी. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात गायक कान्ये वेस्ट यांच्या आई डोंडा वेस्ट यांचा लायपोसक्शन आणि इतर शस्त्रक्रियांनंतर दुसऱ्याच दिवशी मृत्यू झाला. त्यांना हृदयविकार असल्याचं नंतरच्या तपासणीत दिसलं. पुढे तिथे त्यांच्या नावाने कायदा झाला, की सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेआधी ३० दिवसांच्या आत शारीरिक तपासणी झालीच पाहिजे. तेवढ्यासाठी आपण कायद्याची वाट पाहायला नको. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या.

"तुम्हाला याची गरज नाही" किंवा "दोनच भाग करू, बाकीचं सहा महिन्यांनी बघू" असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि ॲडव्हान्सच्या मुदतीची घाई जिथे असेल तिथे पैसे भरू नका. निर्णय आणि शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या.

डॉक्टरांपासून लपवू नये असं काही

ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अंगदुखीवरच्या गोळ्या तर सांगायच्याच. पण लसणाच्या कॅप्सूल, जिन्को, माशाचं तेल, वैद्यांनी दिलेल्या पुड्याही सांगायच्या. कोणती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, स्वतःच्या मनाने बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. पूजा, लग्न किंवा प्रवास आला म्हणून पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे सहज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्या "औषध" म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. आईला, मावशीला, बहिणीला कधी पायात किंवा फुप्फुसात गाठ झाली होती का, वारंवार गर्भपात झाले होते का, तेही सांगा.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना ते कळलंच पाहिजे. त्यांच्यामुळे पोट हळू रिकामं होतं, आणि भुलेत पोटातलं अन्न घशाशी येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. उपाशी राहायच्या सूचनाही शब्दशः पाळा: घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा अन्नात मोडतो, पाण्यात नाही. "फक्त घोटभर चहा घेतला" म्हणून सकाळची शस्त्रक्रिया दुपारवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पुढे ढकलणारे डॉक्टर बरोबरच होते.

तंबाखूबद्दल विचारलं की पुरुष सिगारेटचं सांगतात आणि बायका "नाही" म्हणतात. मिश्री लावता का, असं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. मिश्री, तपकीर, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, गुटखा, सगळ्यांत निकोटिन आहे. ते कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि आधीच खालून सोललेल्या कातडीचा रक्तपुरवठा त्याने आणखी घटतो. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर ते बंद असलं पाहिजे.

परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन इथे स्वस्तात करून घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. सोळा-अठरा तासांचा विमानप्रवास करून उतरल्या उतरल्या टेबलावर झोपू नका, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच परतीचं विमान पकडू नका. दोन्हीकडून गाठीचा धोका वाढतो. रजा पुरत नसेल तर बेत रद्द करा.

पहिले दोन दिवस

छिद्रांतून गुलाबी पाणी गळणं, अंग काळंनिळं पडणं, बधिरपणा, ठणका, हे अपेक्षित आहे. गादीवर मेणकापड, जुन्या चादरी, सॅनिटरी पॅड तयार ठेवा. त्याच संध्याकाळी आधार घेऊन चालायला लागा. दर दोन तासांनी खोलीत चार फेऱ्या, पडल्या पडल्या पावलं वरखाली. लघवी किती आणि कोणत्या रंगाची होते ते पाहा. प्रेशर गारमेंट, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर घालायचा अंगाला दाब देणारा घट्ट कपडा, पहिल्यांदा काढाल तेव्हा एकदम उभे राहू नका, चक्कर येते. सोबत कुणी असल्याशिवाय तर मुळीच नाही.

पुढची लक्षणं दिसली तर "सकाळी डॉक्टरांना विचारू" असं म्हणायचं नाही. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं: गाठ. एक ते तीन दिवसांत दम, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके: रक्तात चरबी. पोट फुगत जाणं, उलट्या, दर तासाला वाढणारं दुखणं, ताप: आतड्याला भोक. बाहेरून फारसं काही दिसत नसताना असह्य वेदना, मग कातडी निळीकाळी होणं, फोड, तीव्र ताप: खोलवर पसरणारा जंतुसंसर्ग. यांतलं काहीही असलं तरी शल्यविशारदांना फोन करा, आणि तो लागेपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. तिथे गेल्या गेल्या लायपोसक्शन झाल्याचं सांगा, लाजून लपवू नका. आत येताना सांगितलं नाही तर तिथला डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करत राहील.

पुढचं सगळं सावकाशीचं आहे. गारमेंट चार ते सहा आठवडे. विदर्भात, मराठवाड्यात राहत असाल तर मे महिन्यात ते घालून पाहायची कल्पना करा आणि तारीख दिवाळीनंतरची घ्या. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी करून काहीच साधत नाही. कातडीखाली पाणी साचणं, खड्डे-उंचवटे राहणं, एका बाजूला कमीजास्त होणं, हेही होतं, आणि सगळंच दुरुस्त करता येत नाही.

कागद आणि पैसे

आरोग्य विम्यातून सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळत नाहीत, आणि तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा दावाही अडू शकतो. म्हणजे आयसीयूत चार दिवस लागले तर तो खर्च तुमचा. जीएसटीच्या कायद्यातही रोगोपचाराला सूट आहे, नुसत्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. कोटेशनमध्ये हा कर धरलाय का, आणि रात्री थांबावं लागलं तर काय आकारणार, हे लेखी घ्या.

संमतीपत्र आदल्या दिवशी घरी आणून मराठीत समजून घ्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. कोणते भाग, जास्तीत जास्त किती लिटर, कोण करणार, कोण भूल देणार, हे त्यात लिहिलेलं असावं. नंतर केसपेपर मागितले तर ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

माझ्या भाचीने ही सगळी यादी मोबाईलवर लिहून घेतली आणि त्या पहिल्या क्लिनिकमध्ये जाऊन विचारली. भूलतज्ज्ञ कोण, या प्रश्नाला "सगळं आम्ही बघतो" असं उत्तर आलं. ती परत आली. चार महिन्यांनी, दिवाळीनंतर, एका रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांनी तिचे फक्त पोट आणि कुशी केल्या, सव्वादोन लिटर. त्यांनी तिला रात्री ठेवून घेतलं. मी तिच्याजवळ होते. अडीचच्या सुमारास ती घाबरून उठली. चादर कमरेपासून खाली भिजली होती आणि अंधारात ते रक्तच वाटत होतं. नर्सने दिवा लावला, पॅड उचलून रंग पाहिला, बोटाला लावलेल्या क्लिपवरचा आकडा पाहिला, नाडी मोजली, आणि म्हणाली, "पाणी आहे, बाहेर यायलाच हवं." मग तिला उठवून, माझ्या खांद्यावर हात ठेवायला लावून, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं. साडेचारला पुन्हा.